श्रद्धा, घर आणि ज्याचा त्याचा निर्णय : ऑनलाइन वादात काय लिहावं, कधी थांबावं

"लग्नाला चार वर्षं झाली. आता मूल होऊ द्या, म्हातारपणी कोण बघणार तुम्हाला?"

घरच्या ग्रुपवर आलेल्या या एका मेसेजमध्ये तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला, मुलं असलेल्यांची म्हातारपणी काळजी घेतली जाते. ही वस्तुस्थितीची बाब, ती तपासता येते. दुसरा, माणसाने मूल होऊ द्यायलाच हवं. इथे पुरावा चालत नाही, ज्याची त्याची भूमिका असते. तिसरा दावा उच्चारलेलाच नाही, पण सगळ्यांत जड तोच आहे: हा प्रश्न विचारायचा आणि त्यावर मत द्यायचा हक्क ग्रुपमधल्या प्रत्येकाला आहे.

बहुतेक वाद चिघळतात ते या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे. एक जण वृद्धाश्रमांचे दाखले देतो, दुसरा संस्कारांवर बोलतो, आणि जिच्याबद्दल हे सगळं चाललंय तिला फक्त एवढंच म्हणायचं असतं की हे ठरवणारे तुम्ही नाही. त्यामुळे उत्तर लिहायला घेण्याआधी स्वतःला विचारा: आपला मतभेद नेमका कशावर आहे? खरं काय यावर, योग्य काय यावर, की ठरवायचं कोणी यावर? मग उत्तरात त्या एकाच गोष्टीला हात घाला. वाद "ठरवायचं कोणी" याचा असेल तर पुरावे देत बसू नका. पुरावे द्यायला लागलात की निवाडा करायचा समोरच्याचा हक्क तुम्ही आपणहून मान्य केला, आणि पुढचा प्रश्न यायला वेळ लागत नाही.

आधी बघा, वाचणारं कोण आहे

प्रत्यक्षात आपण आजीशी एक बोलतो, ऑफिसात दुसरं, जुन्या मित्रांत तिसरं. ऑनलाइन हे सगळे एकाच वाक्यापुढे येऊन बसतात. ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड या संशोधकांनी २०११ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांचा अभ्यास करून हीच अडचण मांडली होती. मित्रांसाठी लिहिलेली कोपरखळी मामांना उद्धटपणा वाटते, आणि मामांसाठी जपून लिहिलेलं मित्रांना भेकडपणा वाटतं. म्हणून जागेनुसार हेतू बदला.

दोघांमधल्या चॅटमध्ये समोरच्याला पटवायचा प्रयत्न करायला हरकत नाही. घरच्या ग्रुपवर मात्र तो बहुधा वाया जातो, कारण चारचौघांत मत बदलणं कुणालाच परवडत नाही. तिथे गप्प वाचणाऱ्यांसाठी लिहा: ज्या चुलत बहिणीला उद्या हाच प्रश्न विचारला जाणार आहे तिच्यासाठी, किंवा ज्या भाच्याचं मत अजून बनायचंय त्याच्यासाठी. त्यांना तुमचा मुद्दा दिसतो, त्याहून जास्त तुमची बोलायची पद्धत दिसते.

अनोळखी पानावरच्या चिथावणीखोर पोस्टचा हिशेब आणखी वेगळा. फेसबुकने २०१७ पासून काही काळ 'राग' धरून सगळ्या इमोजी प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. रागाचं वजन शून्यावर आणलं ते २०२० मध्ये. तेव्हाचा हिशेब आता राहिला नसला, तरी प्रतिसाद मिळणारी पोस्ट पुढे सरकते हे तत्त्व सगळीकडे तेच आहे. २०१७ च्याच एका संशोधनात ट्विटरवरचे वादग्रस्त विषयांवरचे मेसेज तपासले, तेव्हा नैतिक आणि भावनिक असे दोन्ही रंग असलेल्या प्रत्येक जादा शब्दामागे मेसेजचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला. म्हणजे एखाद्या द्वेषाच्या पोस्टखाली "लाज वाटायला हवी" असं लिहिणं हे तिला आणखी चार जणांपर्यंत पोचवणं आहे. खोडून काढायचंच असेल तर स्वतःच्या पानावर, मूळ पोस्ट शेअर न करता, तिच्या लिंकशिवाय लिहा.

मसुदा रिप्लायच्या चौकटीत लिहू नका

मसुदा फोनच्या नोट्समध्ये लिहा. रिप्लायच्या चौकटीत अंगठा पाठवायच्या बटणापासून बोटभर अंतरावर असतो, आणि रागात अर्धवट लिहिलेलं चुकून पाठवलं जातं. साध्या मतभेदाला अर्धा तास थांबा. छाती धडधडत असेल, किंवा वाक्याची सुरुवात "तुम्ही" या शब्दाने होत असेल, तर सकाळपर्यंत थांबा. रात्री उशिरा श्रद्धेवर किंवा घरच्या माणसांवर काहीही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

थांबायचं कारण नुसता राग हे नाही. लिहिताना आपला स्वर आपल्याला मनात ऐकू येत असतो, आणि वाचणाऱ्यालाही तो ऐकू जाईल असं आपण धरून चालतो. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे ईमेलवर तपासलं. उपरोध की गंभीर, हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात कळलं ते ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून सांगण्यापेक्षा जेमतेम बरं. म्हणून अर्ध्या तासाने मसुदा उघडा आणि आपल्याला सर्वांत कमी आवडणाऱ्या नातेवाइकाने तो पाठवला आहे असं समजून मोठ्याने वाचा. जिथे टोचेल ते वाक्य काढा.

नंतर दुरुस्त करू, या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पण डिलीट केल्याची खूण तिथेच राहते, आणि स्क्रीनशॉट निघायला पाच सेकंद पुरतात. डिलीट केलेला मेसेज मूळ मेसेजपेक्षा जास्त चर्चेत येतो.

उत्तर बांधायचं कसं

गणिती मानसशास्त्रज्ञ अनातोल रॅपोपोर्ट यांनी वादासाठी सुचवलेली शिस्त इथे फार कामाची आहे: आधी समोरच्याचं म्हणणं त्याला "हो, हेच म्हणायचं होतं मला" असं वाटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडा, मग आपलं. त्याच अंगाने उत्तराचा क्रम असा ठेवा: त्याचं म्हणणं एका वाक्यात, त्यातलं जे खरोखर पटतं ते एका वाक्यात, मग तुमचं दोन-तीन वाक्यांत, आणि शेवटी एक खरा प्रश्न किंवा पूर्णविराम. ग्रुपवर हे सगळं साठ-सत्तर शब्दांत बसवा. फार लांब मेसेज "अधिक वाचा"च्या मागे जातो आणि लोक फक्त पहिल्या ओळींवर भांडतात.

समजा कुणी लिहिलं, "देव मानणारे आयुष्यभर भीतीत जगतात." हातासरशी सुचतं ते असं: "तुमच्यासारख्यांना कशाचंच पावित्र्य नाही." याऐवजी:

"भीती दाखवून माणसांना गप्प बसवलं जातं, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ते मला पटतं. माझी प्रार्थना मात्र भीतीतून येत नाही. दिवसभराचं मनातलं ओझं उतरवायची ती माझी जागा आहे. सगळेच भीतीपोटी मानतात असं तुम्हाला वाटतं, की एखादा विशिष्ट प्रसंग डोळ्यापुढे आहे?"

यात "मला", "माझी" आहे, त्यामुळे खोडायला काही उरत नाही. तुमच्या अनुभवावर तुमच्याइतका अधिकार कुणाचाच नाही. आणि शेवटचा प्रश्न समोरच्याला सरसकट विधानावरून एका घटनेवर आणतो. अशा कडवट विधानामागे बहुतेक वेळा तशी घटना असतेच. ती बाहेर आली की वादाचं बोलणं होतं.

मसुद्यातून हे शब्द शोधून काढून टाका: "नेहमी", "कधीच", "तुम्ही लोक", "साधी गोष्ट आहे", "अभ्यास वाढवा". हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी वादात कधीही वापरू नका, तो शिवीइतकाच लागतो. "वाईट वाटून घेऊ नका, पण" ही सुरुवातही नको, कारण पुढे जे येतं ते वाईट वाटण्यासारखंच असतं हे सगळ्यांना माहीत आहे.

फेऱ्या मोजा. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या, मत बदलून दाखवा असं आव्हान देणाऱ्या एका मंचाचा अभ्यास केला. थोडी देवाणघेवाण पटण्याला मदत करते, पण त्याच माणसाशी पाच फेऱ्या झाल्यावर मत बदलण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही, असं त्यात दिसलं. आणि ते लोक मत बदलायची तयारी दाखवून आलेले होते. घरच्या ग्रुपसाठी तीन फेऱ्या पुष्कळ झाल्या. तिसऱ्या उत्तरात सांगून टाका: "माझं म्हणणं मांडून झालंय, यावर मी आता इथे लिहिणार नाही." मग खरोखरच लिहू नका. चौथा मेसेज गेला की पुढच्या वेळी तुमच्या या वाक्याला किंमत राहत नाही.

श्रद्धेचे वाद

इथे आधी ओळखायचं की समोरचा नेमकं काय म्हणतोय. "मला याने बरं वाटतं" हे अनुभवाचं सांगणं आहे, त्यावर वाद घालू नये. "हे सगळ्यांनी पाळलंच पाहिजे" हा दुसऱ्याच्या आयुष्यावरचा हक्क झाला. तिथे नम्रपणे आणि स्पष्ट नाही म्हणावं. "याने आजार बरा होतो, गोळ्या बंद करा" हा तपासण्याजोगा दावा आहे आणि त्याला त्याच दिवशी उत्तर द्यावं. पण ते ग्रुपवर नव्हे. ज्याची गोळी बंद होण्याची शक्यता आहे त्याला फोन करा, आणि एवढंच विचारा: "औषध बदलण्याआधी डॉक्टरांशी बोललात का? मी सोबत येऊ?" श्रद्धा सोडायला सांगू नका, प्रार्थना आणि औषध दोन्ही चालू राहू शकतं, हे मान्य करणं त्या माणसाला सोपं जातं. ग्रुपवर मागाहून एक ओळ पुरते: "औषधांबाबत आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये."

ज्या ग्रंथाचा अधिकार समोरचा मानतच नाही त्यातलं वचन त्याच्यापुढे टाकून उपयोग नसतो. दोघंही एकच परंपरा मानणारे असतील तर मात्र तेच वचन बाहेरच्या कुठल्याही पुराव्यापेक्षा जास्त बोलतं. त्यामुळे आतल्या माणसाने आतल्या भाषेत बोलावं. नास्तिक माणसाने एखादी प्रथा बदलायची असेल तर ती बदलू पाहणाऱ्या श्रद्धावंताच्या पाठीशी उभं राहावं, स्वतः पुढे येऊ नये.

कुणाही एका माणसाकडून त्याच्या सगळ्या धर्मबांधवांच्या वतीने जबाब मागू नका. "तुमच्यातले लोक असं करतात, त्यावर तू का बोलत नाहीस?" हा प्रश्न मैत्री संपवतो. आणि ज्याने श्रद्धा सोडली किंवा नव्याने स्वीकारली, तो तुम्हाला कारणं सांगायला बांधील नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐका.

संतापजनक फोटो किंवा व्हिडिओ आला की आधी वरची खूण पाहा. व्हॉट्सॲपवर दुहेरी बाणासह "अनेकदा फॉरवर्ड केलेला" असं दिसलं तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे. असा मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो, ते याच कारणासाठी. फोटो सेव्ह करून चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्समध्ये टाका आणि सर्वांत जुनी नोंद शोधा. व्हिडिओ असेल तर ठळक दृश्यावर थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि तोच शोधा. भलत्याच वर्षीचा, भलत्याच ठिकाणचा फोटो नव्या मजकुरासह फिरवणं हा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. खोटं निघालं तर पाठवणाऱ्याला खासगीत जुनी लिंक द्या आणि त्यालाच ग्रुपवर दुरुस्ती करू द्या. काकांनी स्वतः "हा फोटो जुना आहे, मी काढून टाकतो" असं लिहिलं तर त्यांची आब राहते आणि पुढच्या वेळी ते पाठवण्याआधी विचारतात.

घरातले वाद

शक्य तिथे लिहूच नका, बोला. २०१७ मध्ये संशोधक ज्युलियाना श्रोडर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, न पटणारं मत वाचण्याऐवजी त्याच माणसाच्या आवाजात ऐकलं तेव्हा तो माणूस ऐकणाऱ्याला अधिक विचारी वाटला. मजकूर तोच, फरक आवाजाचा. म्हणून वडीलधाऱ्यांशी मतभेद झाला की ग्रुपवर फक्त "आत्या, यावर तुमच्याशी फोनवर बोलते" आणि त्याच दिवशी फोन. न केलेला फोन हा अपमान ठरतो.

कोणी बोलायचं हेही ठरवून घ्या. नवऱ्याच्या घरच्यांना नवऱ्याने उत्तर द्यावं, बायकोच्या घरच्यांना बायकोने. सुनेने लिहिलेलं सौम्य वाक्यही आगाऊपणा ठरतं, तेच मुलाने लिहिलं तर "त्याचं मत" म्हणून निभावतं. हे न्याय्य नाही. पण आज संध्याकाळचा वाद मिटवायला हाच मार्ग चालतो, आणि जोडीदाराने गप्प राहणं ही सुद्धा एक बाजू घेणंच असतं.

ॲडमिन असाल तर तुम्ही घरमालक नाही, दार सांभाळणारे आहात. वाद सुरू होण्याआधी, शांत दिवशी, दोनच नियम ठरवून ग्रुपच्या वर्णनात लिहा: कुणाच्या लग्नावर, मुलांवर, वजनावर, कमाईवर इथे चर्चा नाही, आणि फॉरवर्ड पाठवताना तो तपासलाय का ते सांगायचं. वाद पेटलाच तर ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील असं करा आणि लगेच लिहा: "सकाळी नऊ वाजता ग्रुप पुन्हा उघडतो." वेळ न सांगता बंद केलेला ग्रुप एका बाजूची जीत वाटतो. एकाच पक्षाचे मेसेज डिलीट करू नका. काढायचे तर दोन्हीकडचे काढा.

तुमचा निर्णय, आणि दुसऱ्याचा

स्वतःचा निर्णय सांगताना सगळ्यांत मोठी चूक म्हणजे कारणं देणं. "सध्या पैशाची ओढाताण आहे म्हणून मूल नको" म्हटलं की कुणीतरी पैशाची सोय सुचवतं. "घर लहान आहे" म्हटलं की मोठ्या घराची यादी येते. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याच्या हाती दिलेली कडी. ती ओढून दार उघडायचा प्रयत्न होणारच. तेव्हा तीनच गोष्टी सांगा: निर्णय काय, तो झालेला आहे, आणि त्यांच्याकडून काय हवं. "आम्ही नोंदणी करून लग्न करतोय. तारीख ठरली आहे. तुम्ही यावं असं मनापासून वाटतं." एवढंच. "का?" आलं तर "आम्हा दोघांना हे पटलं." पुन्हा "का?" आलं तर पुन्हा तेच, शब्द न बदलता. शब्द बदलले की नवी चर्चा सुरू होते.

मत हवंच असेल तर तेवढ्यापुरतंच मागा. "काय वाटतं तुम्हाला?" असं लिहून मग मतं आल्यावर चिडणं हा समोरच्यावर अन्याय आहे. "नोकरी सोडतेय, हे नक्की. विम्याचं काय करावं हे कुणाला माहीत आहे का?" असा प्रश्न विचारला की लोकांना मदतीची वाट मिळते.

काळजी आणि दबाव यांत फरक करा. "तू बरी आहेस ना?" ही काळजी आहे, तिला मोकळं उत्तर द्या. "लोक काय म्हणतील" हा दबाव, त्याला वरचंच "आम्हा दोघांना हे पटलं" हे उत्तर.

दुसऱ्याच्या निर्णयावर लिहायचा मोह झाला तर पाहा: त्याने विचारलंय का, त्याचा माझ्यावर थेट परिणाम होतो का, आणि हे मी त्याला फोनवर म्हणेन का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर पुढे सरका.

एक अपवाद मात्र सोडू नका. जिथे निर्णय लादलेला दिसतो, लहान मुलाचा प्रश्न आहे किंवा मारहाणीची शंका आहे, तिथे "ज्याची त्याची निवड" म्हणून पाठ फिरवता येत नाही. पण जाहीर कॉमेंटही करू नये, कारण त्याची किंमत तीच व्यक्ती मोजते. खासगी मेसेजही जपून करा. फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो. "बऱ्याच दिवसांत बोललो नाही, कधी फोन करू?" असा निरुपद्रवी मेसेज पाठवा आणि मुद्द्याचं प्रत्यक्ष भेटीत बोला.

बाहेर पडणं आणि नंतरचं

कमी नुकसान करणाऱ्या उपायापासून सुरुवात करा. ग्रुप म्यूट करणं कुणालाच कळत नाही. फेसबुकवर एखाद्याला ३० दिवस स्नूझ करता येतं किंवा मैत्री ठेवून अनफॉलो. इन्स्टाग्रामवर 'रिस्ट्रिक्ट' केलं की त्या माणसाची कॉमेंट तुम्ही मान्य करेपर्यंत फक्त त्यालाच दिसते. २०२२ पासून व्हॉट्सॲपचा ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनना जाते. तरी घरचा ग्रुप सोडताना जवळच्या दोघांना आधी सांगा, नाहीतर अंदाज फिरतात. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) ब्लॉक केलं तरी २०२४ अखेरपासून तुमच्या जाहीर पोस्ट त्या माणसाला दिसू शकतात, हे लक्षात ठेवा. लपवायचं असेल तर खातंच खासगी करावं लागतं.

धमकी आली तर क्रम चुकवू नका: आधी स्क्रीनशॉट, त्यात तारीख, वेळ आणि खात्याचं नाव दिसेल असा, मग प्रोफाइलची आणि पोस्टची लिंक जपून ठेवा, मग तक्रार, शेवटी ब्लॉक. आधी ब्लॉक केलं की पुरावा गोळा करणं अवघड होतं, आणि तक्रारीनंतर पोस्ट नाहीशी होऊ शकते.

बोलण्यात तुमची चूक झाली असेल तर माफी जिथे बोललात तिथेच मागा. ग्रुपवर केलेल्या अपमानाची खासगी माफी अपुरी असते, कारण अपमान चाळीस जणांनी पाहिला आणि माफी एकाने. नेमकं काय चुकलं ते लिहा: "मावशींच्या उपासाची मी थट्टा केली, ती करायला नको होती." त्यात "पण" नको, "वाईट वाटलं असेल तर" नको. तुमचं मत कायम असेल तर ते या मेसेजमध्ये आणू नका. ते दुसऱ्या दिवशीही मांडता येतं. मूळ मेसेज माफी वाचली जाईपर्यंत राहू द्या, नाहीतर तिचा संदर्भच हरवतो. नंतर काढायचा असेल तर ज्यांना लागलं त्यांना विचारून काढा.